दोनपायी खुर्चीची दोन बोटं

तिला सगळे ओळंबा म्हणायचे, आणि मागून नव्हे, तोंडावर म्हणायचे. नाव ठेवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना समोरचं कॅलेंडर तिरकं दिसलं, की ही बाई उठून ते सरळ करून यायची. बँकेतली पाटी, शाळेच्या ऑफिसातलं घड्याळ, दुसऱ्याच्या घरातली तसबीर, काही म्हणून तिच्या तावडीतून सुटत नसे. एकदा ओळखीच्यांकडे सांत्वनाला गेली होती, तिथेही गेलेल्या माणसाचा फोटो हळूच अर्धा इंच डावीकडे सरकवून आली. घरच्यांनी ते पाहिलं होतं. फोटो आता बरा दिसतो, असं त्या घरातली सून नंतर म्हणाली.

ही खोड लहानपणची. वडील गवंडी होते. भिंत चढत असताना दोरीला बांधलेलं वजन वरून खाली सोडायचं आणि भिंत सरळ उभी आहे की पोट काढतेय ते बघायचं, त्या दोरी-वजनाला ओळंबा म्हणतात. सुट्टीच्या दिवशी तो धरायला वडील तिला कामावर न्यायचे. दहाव्या वर्षापर्यंत तिला दोरी न सोडताच कळायला लागलं. मग वडील मजुरांना सांगायचे, "दोरी राहू दे, हिलाच उभी करा." मजूर हसायचे, पण ती नको म्हणाली की वीट काढायचे.

पुढे तिने छापखान्यात पानं लावली, कॉम्प्युटर आले तसे ते शिकली, आणि गेली बावीस वर्षं ती वेबसाइट बनवत होती. एकटी. घराच्या पुढच्या खोलीत छातीइतकं उंच टेबल, त्यावर दोन मोठे स्क्रीन, आणि त्यांच्यासमोर ती उभी. बसून काम केलं की नजर सैल पडते, असं तिचं म्हणणं. खरं कारण कंबर होतं, आणि थोडं वजनही, पण वजनाचा विषय ती घरात काढू देत नसे. कामात मात्र तिने कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नव्हती. आणि तिचा एक नियम होता. ज्या वस्तूची वेबसाइट करायची ती वस्तू आधी स्वतः वापरून बघायची. पंपवाल्याचं काम आलं तेव्हा तिने पंप उघडून परत जोडला होता. चष्मेवाल्याच्या वेळी दिवसभर दुसऱ्याच नंबरचा चष्मा लावून फिरली आणि दाराच्या चौकटीवर आपटली. लोक हसले, पण काम झकास झालं.

अशा बाईला संग्रहालयाने दोनपायी खुर्चीचं काम दिलं, यात नवल काही नव्हतं.

ही खुर्ची त्या शहरात कुणाला माहीत नाही असं नव्हतं. साठ वर्षांपूर्वी इथल्याच एका वास्तुकाराने ती काढली आणि इथल्याच एका कारखान्याने बनवली. पोलादाची एकच नळी. ती जमिनीवरून पुढे येते, वर चढते, वळून मागे जाते आणि बैठक होते, पुन्हा वर जाते आणि पाठ होते. एकूण आठ वळणं. मागचे पाय नाहीतच. पुढच्या दोन पायांवर सगळा संसार, आणि मागची बाजू हवेत. बैठकीला आणि पाठीला जाड कापड ताणून बसवलेलं. आज बाहेरदेशीच्या पुस्तकांतसुद्धा तिचे फोटो छापतात, जाणकार माणसं तिच्यासमोर हात मागे बांधून उभी राहतात. पण शहराने ती कधी डोक्यावर घेतली नाही, बुडाखाली घेतली. दाढीच्या दुकानात, दवाखान्यात, वाचनालयात, शाळेत, तिकिटाच्या खिडकीमागे, जिथे बघाल तिथे दोनपायी. कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली तरी जुन्या खुर्च्या अजून चालू होत्या.

आता संग्रहालयात तिचं खास दालन उघडणार होतं, शनिवारी. त्याच दिवशी वेबसाइट सुरू व्हायची होती. शिवाय शहराच्या वाचनालयासाठी तशाच साठ नव्या खुर्च्या बनवायच्या ठरल्या होत्या. जुने नकाशे कारखान्याबरोबरच गेले होते, त्यामुळे वेबसाइटवर मोजमापांचं जे पान होतं, तोच आता नकाशा. तो गुरुवारी नव्या कारखान्याला जायचा आणि शुक्रवारी तिथे नळ्या वाकायला लागायच्या.

ओळंबाने चार महिने जीव ओतून काम केलं. पहिल्याच पानावर एक सरळ रेघ. तुम्ही बोटाने पान सरकवाल तशी ती रेघ वळत जाते, एक वळण, दोन वळणं, आठवं वळण पुरं झालं की समोर खुर्ची उभी. एक पान आठवणींचं. त्यासाठी तिने लोकांकडून जुने फोटो मागवले, तर सातशे आले. न्हाव्याच्या खुर्चीत साबण लावून बसलेले आजोबा, परीक्षेच्या खोलीत पेंगणाऱ्या मास्तरीणबाई, नवं बाळ मांडीवर घेतलेली आई. मोजमापाच्या पानावर बाजूने काढलेलं मोठं चित्र, प्रत्येक लांबी, प्रत्येक कोन. मोजमापं तिने स्वतः घेतली होती, संग्रहालयात, पांढरे हातमोजे घालून.

फक्त एक गोष्ट राहिली होती. संग्रहालयाच्या संचालिकाबाई म्हणाल्या होत्या, "मोजा हवं तितकं. पण बसायचं नाही. पहिल्या खेपेतली एवढी एकच उरलीय." ओळंबाने मान डोलावली. नियम मोडतोय हे तिला कळलं होतं, पण खुर्चीच तर आहे, खुर्चीवर बसून काय कळायचंय, अशी तिने मनाची समजूत घातली.

आणि मोजमापं घेताना तिला एक खटकलं. खुर्ची पुढे झुकलेली वाटत होती. बैठकीची मागची कड जरा वर, उठायच्या बेतात असल्यासारखी. तिथे काढलेल्या खुर्चीच्या फोटोंतही तसंच. तिच्या घरात एक दोनपायी होती, ती अशी नव्हती. सातशे फोटोंतल्याही अशा नव्हत्या. साठ वर्षांत जुनी नळी ताणली गेली असणार, तिने ठरवलं, आणि आपल्याला हे दिसलं याचा तिला अभिमानच वाटला. मग तिने त्या एक्केचाळीस फोटोंमध्ये आणि त्या मोठ्या चित्रात बैठकीची मागची कड दोन बोटं खाली ओढली. चित्र सरळ झालं, डोळा निवला. संचालिकाबाईंनी पाहिलं, त्यांच्या तिघा तज्ज्ञांनी पाहिलं, सगळ्यांनी पसंत केलं. कुणालाही काही वेगळं वाटलं नाही.

सोमवारी दुपारी तिने ते सासऱ्यांना दाखवलं. हे तिने शेवटासाठी राखून ठेवलं होतं.

सासरे त्या कारखान्यात एकतीस वर्षं होते. काम काय, तर बसायचं. तयार झालेली प्रत्येक खुर्ची त्यांच्यासमोर यायची, ते बसायचे, उठायचे, पुढची. दिवसाला चाळीस-पन्नास. त्यांचं वजन अडुसष्ट किलो, आणि ते अडुसष्टच राहायला हवं म्हणून कारखाना दर सोमवारी त्यांना तोलायचा. तिथे त्यांना सगळे काटा म्हणत. घरी सासूबाईंना त्यांचं जेवण मोजून वाढावं लागे. कुणाच्या लग्नात आग्रह झाला तर हा माणूस ताटावर हात आडवा धरायचा. सासूबाई म्हणायच्या, "लोकांचे नवरे राबून खातात, आमचे बसून खातात." सगळे हसायचे, तेही हसायचे. नातेवाइकांत तो विनोद इतका चालला, की सासूबाई गेल्या तरी तो राहिला. आपल्या कामाविषयी त्यांना कधी काही बोलावंसं वाटलं असेल तर ते त्यांनी गिळलं होतं.

त्यांचे शब्द दोन. खुर्ची पसंतीला उतरली तर ते म्हणायचे, "चालेल," आणि ती उजवीकडे जायची, गाडीत चढायला. नाही उतरली तर नळी वाकवणाऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून म्हणायचे, "छान आहे," आणि ती डावीकडे ठेवायचे, परत वाकवायला. घरातही हेच. लग्न होऊन आल्यावर ओळंबाने पहिल्यांदा आमटी केली, तेव्हा ते "छान आहे" म्हणाले होते आणि ती खूश झाली होती. नवऱ्याने खरा अर्थ सांगितला तेव्हा तिचा चेहरा पडला. त्या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. मधल्या काळात तिने किती वेबसाइट केल्या आणि त्यांना दाखवल्या, "चालेल" एकदाही मिळालं नव्हतं. आपल्याला काय फरक पडतो, असं ती म्हणायची. फरक पडत होता.

ते तिच्या टेबलाजवळ काठी टेकून उभे राहिले. त्र्याऐंशी वर्षांचे, गेल्या वर्षीच्या दुखण्यानंतर बरेच वाळलेले. तिने रेघ वळवून दाखवली, आठ वळणं, खुर्ची. आठवणी दाखवल्या. मोजमापाचं पान दाखवलं. तिथे ते बराच वेळ थांबले.

"छान आहे," म्हणाले, आणि काठी टेकत आपल्या खोलीत गेले.

तिला राग आला. चार महिन्यांचं काम, चार जाणकारांनी वाखाणलेलं, आणि यांना डावीकडे ठेवायचंय. संध्याकाळी नवरा शाळेतून आला तर त्याच्यावर डाफरली. तो विज्ञानाचा मास्तर, वादात न पडण्यात वाकबगार. "मग विचार ना त्यांनाच," एवढं बोलून त्याने चहा टाकला.

मंगळवारी सकाळी तिने विचारलं.

"बाबा, काय चुकलंय सांगा. छान म्हणू नका."

सासरे पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला. "त्या मोठ्या चित्रातल्या खुर्चीवर कोण बसलंय?"

"कुणी नाही. रिकामी आहे ती."

"रिकामी अशी नसते."

"म्हणजे?"

"आपली बघ की घरातली. रिकामी कर आणि बघ."

घरातली दोनपायी कारखान्याने त्यांना निवृत्तीच्या वेळी दिली होती. ती मधल्या खोलीत होती, आणि तिचं जे व्हायचं तेच झालं होतं. खाली नवऱ्याच्या विज्ञान मासिकांचे दोन गठ्ठे, त्यावर घडी करायचे कपडे, त्यावर घडी केलेले कपडे, वर इस्त्रीचे. लग्न होऊन आल्यापासून ओळंबाने ती खुर्ची मोकळी पाहिली नव्हती. तिने कपडे पलंगावर टाकले. मग एक गठ्ठा उचलला, मग दुसरा.

खुर्ची तिच्या डोळ्यांदेखत वर आली. सावकाश, जेमतेम बोटभर, पण आली. मागची कड वर, थोडी पुढे झुकलेली, उठायच्या बेतात. संग्रहालयातल्यासारखी.

सासरे दारात येऊन उभे होते. "नळी वाकवतानाच मागची बाजू दोन बोटं वर ठेवायची," ते म्हणाले. "माणूस बसला की ती दोन बोटं खाली येते आणि मग खुर्ची बरोबर होते. दीड बोट आली तर नळी ताठ, माणूस अवघडतो. तीन आली तर मऊ, माणूस रुततो. दोन यायला पाहिजे. तेच तर बघायचो मी दिवसभर."

तिला सगळं एकदम दिसलं, आणि तोंडात मारल्यासारखं झालं. घरातली खुर्ची एकोणीस वर्षं ओझ्याखाली दबलेली. सातशे फोटोंत सातशे माणसं बसलेली. तिच्या डोळ्याला बरोबर वाटत होती ती भरलेली खुर्ची, आणि रिकाम्या खुर्चीला तिने ओढून भरलेल्यासारखी केली होती. जी खोड आयुष्यभर मिरवली, तिनेच घात केला. आणि एकदा बसली असती तर कळलं असतं.

"आणि माझ्या चित्रावरून खुर्च्या केल्या तर?" तिने विचारलं, पण उत्तर तिला माहीत होतं.

"दोन बोटं तू आधीच खाली घेतलीस. माणूस बसला की अजून दोन. चार झाली," सासरे म्हणाले. "वाचनालयात सकाळी सगळे आमच्याच वयाचे येतात. बसतील. उठवायला माणूस ठेवावा लागेल."

तिने फोन उचलला. दुसरी एखादी असती तर आधी दोन दिवस तोंड लपवून बसली असती. ओळंबाचा तो स्वभाव नव्हता. भिंत वाकडी गेली तर वीट काढायची, त्यात लाजायचं काय, हे तिने वडिलांच्या हाताखाली शिकून ठेवलं होतं.

संचालिकाबाईंनी ऐकून घेतलं आणि उसासा सोडला. "अहो, आम्ही चौघांनी पाहिलं. कुणाला काही दिसलं नाही. आता दोन दिवसांवर आलंय. दोन बोटांनी असं काय होतं?"

"चौघांपैकी त्या खुर्चीवर बसलंय कोण, मॅडम?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"चूक माझी आहे," ओळंबा म्हणाली. "तुम्हाला कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. पण हा नकाशा मी जाऊ देणार नाही."

"तुमच्या सासऱ्यांच्या आठवणीवर मी साठ खुर्च्या थांबवायच्या? कमिटीला काय सांगू?"

"आठवणीवर नको. उद्या घरी या आणि डोळ्यांनी बघा."

बुधवारी दुपारी संचालिकाबाई आल्या. हातात फाइल, कपाळावर आठी. मधल्या खोलीत खुर्ची मोकळी उभी होती. नवऱ्याने शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. ओळंबाने बाजूला कॅमेरा लावला होता. सासऱ्यांनी दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांच्या खोलीचं दार उघडं राहावं म्हणून जो गुडघाभर उंच लाकडी ठोकळा वर्षानुवर्षं खाली लावलेला असे, तो त्यांनी आणायला सांगितला. ओळंबा तो रोज पायाने सरकवत आली होती. तो कारखान्यातला निघाला. त्यांचं मापाचं हत्यार म्हणजे तेवढंच.

"हा बैठकीच्या मागच्या कडेखाली ठेवायचा," ते बाईंना सांगू लागले, आणि त्यांचा आवाज एकदम तरणा झाला. "रिकामी असताना ठोकळा आणि नळी यांच्यात दोन बोटं जायला हवीत." त्यांनी दोन बोटं घालून दाखवली. बरोबर बसली. "आता मी बसलो की बोटांची जागा संपली पाहिजे. फक्त कागद सरकला पाहिजे. नळी ठोकळ्यावर टेकली तरी नापास, बोट गेलं तरी नापास."

काठी सुनेच्या हातात देऊन ते बसले. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर समोर. एकतीस वर्षं बसले तसे. नवरा खाली वाकला.

"बाबा," तो म्हणाला, आणि थांबला.

"बोल की."

"अर्धं बोट जातंय."

संचालिकाबाई वाकल्या, त्यांनीही पाहिलं. अर्धं बोट आरामात जात होतं. त्या सरळ झाल्या आणि फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ओळंबाला सासऱ्यांकडे बघवेना. ते तसेच ताठ बसून होते, पण चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला होता. बाहेरच्या माणसासमोर, ज्या एका गोष्टीत आपला हात कुणी धरू शकत नव्हतं तिच्यातच उणे निघालो, हे त्यांना फार लागलं. तिला स्वतःचाच राग आला, या म्हाताऱ्या माणसाला आपण उगीच उभं केलं म्हणून.

मग ते हळूच म्हणाले, "खुर्ची बरोबर आहे. काटा हलका झालाय."

नवऱ्याने न्हाणीघरातून वजनकाटा आणला. सासरे उठून त्यावर चढले. त्रेपन्न. ते आकड्याकडे बघत राहिले. दुखण्यात कमी झालो हे ठाऊक होतं, पण पंधरा किलो आपण कुठे ठेवून आलो, असा काहीसा त्यांचा चेहरा झाला होता. ओळंबा काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"ते गठ्ठे तोल रे तुझे," ते मुलाला म्हणाले.

विज्ञान मासिकांचे गठ्ठे काट्यावर चढले. दोन्ही मिळून सोळाला जरा कमी. सासऱ्यांनी हिशेब मनात केला. "वरची चार काढ." चार मासिकं निघाली. पंधरा भरले.

"आता आण इकडे."

ते पुन्हा बसले. मुलाने गठ्ठे त्यांच्या मांडीवर ठेवले. खुर्ची खाली गेली. नवऱ्याने बोट घालून पाहिलं, गेलं नाही. कागद घातला, तो सुळकन पलीकडे निघाला. मग संचालिकाबाईंनी स्वतः गुडघे टेकून कागद सरकवला. एकदा, दोनदा, तीनदा.

"कळलं?" मांडीवरच्या मासिकांमागून सासरे म्हणाले. "एवीतेवी अडुसष्टच लागतात. माणूस किती आणि कागद किती, ते खुर्ची विचारत नाही."

बाई उठल्या, साडी झटकली आणि जरा संकोचून म्हणाल्या, "मी बसून बघू का?" त्यांनी दहा वर्षं त्या खुर्चीविषयी भाषणं दिली होती. बसल्या, आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली. "अरेच्चा," एवढंच म्हणाल्या. जाताना त्यांनी फाइल उघडून नकाशाचा जुना कागद बाहेर काढला, आडवा फाडला आणि म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत नवा द्या."

तिने दुसऱ्या दिवशी सकाळीच दिला. मूळ फोटो तिने जपून ठेवलेले होते, ते परत जागेवर गेले, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. नकाशात रिकाम्या खुर्चीची एक रेघ आणि बसलेल्या खुर्चीची दुसरी, मध्ये दोन बोटं. शुक्रवारी तिने पहिलं पान बदललं. आठवं वळण पुरं झालं की खुर्ची उभी राहते, थोडी पुढे झुकलेली. तुम्ही तिच्यावर बोट दाबून धरलंत की ती दोन बोटं खाली जाते. सोडलंत की वर येते. खाली सासऱ्यांची फिल्म, ताठ बसलेले, मांडीवर मासिकं. सगळ्यात शेवटी नावं होती, वास्तुकाराचं, कारखान्याचं, संग्रहालयाचं, तिचं. वास्तुकाराच्या लगेच खाली तिने एक ओळ घातली: बसून तपासणारे, आणि सासऱ्यांचं पूर्ण नाव. कुणाची परवानगी विचारली नाही.

शनिवारी दालन उघडलं. मोठ्या पडद्यासमोर रांग लागली, पोरंसोरं, बायाबापड्या, सगळे बोट दाबून खुर्ची खालीवर करत होते. आजोबा किती मन लावून वाचतायत, असं दोघीतिघी म्हणाल्या. ओळंबाने कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. वाचनालयाची पहिली खुर्ची वाकवून झाल्याचा आणि दोन बोटं बरोबर आल्याचा निरोपही तिथेच मिळाला, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. सासरे गेले नाहीत. गर्दीत उभं राहवत नाही, म्हणाले.

रविवारी सकाळी ते तिच्या टेबलाजवळ आले. तिने पान उघडून दिलं. त्यांनी बोट दाबलं, सोडलं, दाबलं. खालची नावं वाचली. परत वर जाऊन बोट दाबलं. छान म्हणाले नाहीत, चालेलही म्हणाले नाहीत. ती शेजारी उभी, आणि या वयात आपली छाती अशी का धडधडतेय, याचं तिला हसू येत होतं.

"तू बसलीस का गं कधी त्या खुर्चीवर?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"एवढं सगळं केलंस आणि बसली नाहीस."

ते मधल्या खोलीत गेले. ती मागोमाग गेली. कपडे अजून पलंगावरच होते, खुर्ची मोकळी होती, पुढे झुकलेली. तिचा हात ती सरळ करायला गेला नाही, हे तिला तिथे उभं राहिल्यावर जाणवलं.

"बस," ते म्हणाले.

ती बसली. खुर्ची खाली गेली आणि अलगद थांबली. कमरेतली चार महिन्यांची कळ कुणीतरी काढून घेतल्यासारखी वाटली. सासऱ्यांनी पायाने ठोकळा सरकवून मागे लावला, एका हाताने कपाट धरलं आणि मोठ्या कष्टाने खाली वाकले. तिने उठायला बघितलं तर म्हणाले, "हलू नकोस."

त्यांनी बोट घातलं. गेलं नाही. खिशातून कागद काढून घातला. तो पलीकडे निघाला.

ते वाकलेलेच राहिले थोडा वेळ. मग कपाट धरून सरळ झाले, श्वास घेतला, आणि तिच्याकडे बघून मिस्कील हसले. तिचं वजन आता घरात एका माणसाला कळलं होतं.

"काटा मिळाला घराला," ते म्हणाले. "माझ्यानंतर काय, ही चिंता होती."

"बाबा, काहीतरीच काय."

त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि काठी घेतली. दारापर्यंत गेले, आणि तिथून, कारखान्यात म्हणायचे तसं, पुढच्या खुर्चीकडे वळता वळता म्हणावं तसं म्हणाले, "चालेल."

पलंगावर घड्या करायचे कपडे पडले होते, टेबलावर फोन वाजत होता. ती बराच वेळ खुर्चीतून उठली नाही.